धारचा मासा आणि देवासची भिंत

धार-देवासकडच्या मराठी घरांत भोजराजाच्या डोकेदुखीची गोष्ट आजीच्या तोंडून ऐकलेली असते. राजा तळ्यात स्नानाला उतरला, नाकावाटे एक बारीक मासा मस्तकात शिरला आणि राजा वेदनांनी तळमळू लागला. वैद्य थकले. अखेर अश्विनीकुमार ब्राह्मणवेषाने धारेत आले. मोहचूर्णाने त्यांनी राजाला बेशुद्ध केले, कवटी उघडून मासा काढला, हाड सांधले आणि संजीवनी देऊन त्याला उठवले. कथा बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’तली. काही पुस्तकांनी या शस्त्रक्रियेला इ. स. ९२७ हे सालसुद्धा चिकटवले आहे! भोज गादीवर आला तो अकराव्या शतकाच्या आरंभी, बल्लाळाने लिहिले सोळाव्या शतकात. तेव्हा इतिहासाचा शिक्षक म्हणून मी ती पुरावा म्हणून मुलांपुढे ठेवीत नाही. परंतु शस्त्रक्रियेला काय काय लागते, हे कथाकाराला नेमके ठाऊक होते. रोग्याला वेदना कळू नयेत, उघडलेले पुन्हा मिटावे आणि माणूस शुद्धीवर यावा.

हृदयाला मात्र एवढ्याने भागत नाही. कवटी उघडली तरी रक्त वाहत राहते. हृदय उघडायचे तर वाहणेच थांबवावे लागते आणि मेंदू ते चार मिनिटांपलीकडे सोसत नाही.

हा विषय मला पुस्तकातून भेटला नाही. माझी थोरली आत्या देवासला वाढली. दिसायला धडधाकट, गोरीपान. फक्त चामुंडेची टेकडी चढताना मध्येच एखाद्या पायरीवर बसे. तिशीनंतर धाप लागू लागली, छातीत धडधड, मग पायांवर सूज. ‘हृदय कमजोर आहे’ एवढेच निदान घरापर्यंत पोचले. ती पंचेचाळिशी पाहू शकली नाही. पुष्कळ वर्षांनी तिचे जुने कागद मी एका डॉक्टर स्नेह्याला दाखवले. एक्स-रेच्या अहवालात हृदयाची उजवी बाजू फुगल्याचे लिहिले होते. तो म्हणाला, “वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला जन्मापासून छिद्र असावे.”

या वरच्या कप्प्यांना मराठीत कर्णिका म्हणतात, आमच्या मुलांच्या हिंदी पुस्तकात अलिंद. देवासकरांना ही रचना समजावणे सोपे आहे. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंमुळे एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली. १९४८ साली दोन्ही मध्य भारतात विलीन होईपर्यंत ती शेजारी शेजारी नांदली. गाव एक, दरबार दोन. हृदयातही तसेच. उजव्या पातीत शरीरभरचे वापरलेले रक्त येते, डाव्या पातीत फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले. हद्दीला भगदाड पडले की डावीकडचा दाब थोडा अधिक असल्यामुळे शुद्ध रक्त पुन्हा उजवीकडे घुसते आणि फुप्फुसांची विनाकारण दुसरी फेरी करून येते. उजवी कर्णिका हा जादा भार वर्षानुवर्षे झेलते आणि ताणत जाते. मूल निळे पडत नाही, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

या कर्णिकेत दाब फार कमी असतो. बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९५२ च्या सुमारास त्याचाच फायदा घेतला. त्यांनी कर्णिकेच्या भिंतीवर रबराचे नरसाळे शिवले आणि मग कर्णिका उघडली. रक्त नरसाळ्यात थोडेसे वर चढून थांबले, बाहेर सांडले नाही. त्या रक्ताच्या विहिरीत बोटे घालून, केवळ स्पर्शाने, छिद्र शिवायचे! मला तर ही युक्ती पुढच्या सगळ्या यंत्रांहून थोर वाटते. त्याच वर्षी २ सप्टेंबरला मिनेसोटात जॉन लुईस यांनी एका पाच वर्षांच्या मुलीचे शरीर २८ अंशांपर्यंत थंड केले, रक्ताची वाट साडेपाच मिनिटे रोखली आणि उघड्या डोळ्यांनी छिद्र मिटवले. थंड शरीराला प्राणवायू कमी लागतो, म्हणून ती चार मिनिटांची मर्यादा ओलांडता आली. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय व फुप्फुस या दोहोंचे काम यंत्रावर सोपवून अठरा वर्षांच्या तरुणीवर हीच शस्त्रक्रिया केली. ती जगली, पुढचे रोगी दगावले आणि गिबन यांनी हा नाद सोडला. यंत्र सुधारून वापरात आणले ते इतरांनी.

आपल्याकडे वेल्लोर आणि मुंबई ही आरंभीची केंद्रे. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयारोपणही केले, बर्नार्ड यांच्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत. रोगी काही तासच जगला. म्हणजे आत्या हयात असताना विद्या देशात आलेली होती. देवासपर्यंत आली नव्हती, एवढेच.

म्हणून काही वर्षांपूर्वी शाळेच्या तपासणीत आठवीतल्या एका मुलीच्या छातीत डॉक्टरांना वेगळा आवाज ऐकू आला, तेव्हा मी स्वतः तिच्या घरी गेलो. इंदूरच्या इकोत छिद्र दिसले होते. जांघेतल्या शिरेतून छत्रीसारखी चकती नेऊन पुष्कळ छिद्रे आता बुजवतात; हिचे मोठे होते, कडा अपुऱ्या होत्या, शस्त्रक्रियाच हवी होती. आईवडील गप्प. आजी म्हणाली, “मास्तर, पोर खेळतेय, खातेय. छातीवर व्रण घेऊन आलेल्या पोरीला पुढे कोण करून घेणार?”

मी आत्याची हकीकत सांगितली. टेकडीच्या पायरीचे ऐकताच मुलीची आई उठून आत गेली. आजी बराच वेळ बोलली नाही. मग विचारले, “भोजराजाचा मासा काढला, तसं हिच्या काळजातून काय काढणार?”

“काढायचं काही नाही, आजी. हद्दीची भिंत पडलीय, ती लिंपायची. हृदयावरच्या तिच्याच आवरणाचा तुकडा लावतात.”

“तिचाच? परक्याचा नाही ना?”

“तिचाच.”

दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. दहाव्या दिवशी मुलगी घरी आली. फेब्रुवारीत वर्गात येऊन बसली. खेळाच्या तासाला मी तिला झाडाखाली बसवून ठेवत असे. मार्चमध्ये ती डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, “सर, आता तरी खो-खोत घ्या.”