परवडणारी घरे (मुंबई)

कुटुंबाच्या मूलभूत गरजा भागवून उरणाऱ्या उत्पन्नातून ज्या घराची किंमत अथवा भाडे देता येते, त्यास परवडणारे घर म्हणतात. घरावरील खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, हा यासाठीचा प्रचलित निकष आहे. मात्र अल्प उत्पन्न गटाला एवढा खर्चही पेलतोच असे नाही.

== जमीन व कायदे ==
मुंबई तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेली असल्याने जमीन मर्यादित आहे. चटई क्षेत्र निर्देशांकाच्या बंधनांमुळे बांधकामही सीमित राहिले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे जुन्या भाडेकरूंना संरक्षण मिळाले. परंतु नव्या चाळी बांधणे किफायतशीर उरले नाही, जुन्यांची दुरुस्ती रखडली आणि पागडी पद्धत रुजली. १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला.

१९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनी ही मोठी संधी होती. १९९१ च्या नियमावलीनुसार त्यांचा साधारण एक तृतीयांश भाग म्हाडाला मिळणार होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली व सार्वजनिक घरांसाठीचा वाटा बराच घटला.

== कर्ज व कर ==
किंमत तीच असली तरी व्याजदरानुसार परवडण्याची क्षमता बदलते. ३० लाख रुपयांच्या वीस वर्षे मुदतीच्या कर्जाचा मासिक हप्ता ७ टक्के दराने सुमारे २३,३०० रुपये, तर ९ टक्के दराने सुमारे २७,००० रुपये होतो. मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क व देखभाल खर्च यांचा भार वेगळा असतो.

== अंतर ==
शहरात घर न परवडणारी कुटुंबे विरार, बदलापूर, कर्जत अशा ठिकाणी स्थिरावतात. तेथे घर स्वस्त मिळते. परंतु प्रवासाचा वेळ व खर्च वाढतो. म्हणून परवडण्याचा हिशेब करताना घर आणि प्रवास यांचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते.

== शासकीय उपाय ==
म्हाडाची सोडत, सिडकोची घरे, १९९५ पासूनची झोपडपट्टी पुनर्वसन योजना व २०१५ ची प्रधानमंत्री आवास योजना हे प्रमुख उपाय होत. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची सुमारे ४१ टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती. बाजारातील घर व कुटुंबाचे उत्पन्न यांतील दरी त्यावरून स्पष्ट होते.

== हेही पहा ==
* चाळ
* म्हाडा
* धारावी