प्याद्याची बढती

बँकेत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला बढती आणि बदली या विषयांवर बोलायचा अधिकार आपोआप मिळतो. बुद्धिबळावर बोलायचा मिळत नाही. पण हा खेळ मुळात बढती-बदलीचाच असल्यामुळे मी तो घेऊन टाकतो.

बीडला लहानपणी आमच्या अण्णांनी मला शिकवला तो डाव देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं उडत नाही. सरळमार्गी नोकरदारासारखं एकेक घर सरकतं. राजाला किल्ल्यात लपायची सोय नाही. शह बसण्यापूर्वी एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा. आणि शेवटी पोचलेलं प्यादं लगेच वजीर होत नाही. उंटाच्या घरात पोचलं तर उंट, हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, तेही ती जागा रिकामी झाली असेल तरच! हा नियम करणारा इसम नक्की हेड ऑफिसातला असणार.

जिंकण्यातही प्रती होत्या. प्याद्यानं राजा कोंडला तर 'प्यादेमात', सगळ्यांत मानाची. सगळं सैन्य जाऊन राजा एकटा उरला तर 'बुर्जी'. तिथं डाव अर्धा जिंकला म्हणायचं आणि थांबायचं. एकट्या माणसाच्या मागं लागत नसतात, असं अण्णांचं म्हणणं.

हा खेळ आमच्या गोदाकाठाला परका नाही. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'नीतिमयूख' लिहिला, तर त्या राजनीतीच्या ग्रंथातही बुद्धिबळ आलंच. पुढं १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत निघालं, ते मात्र विलायती पद्धतीला जुळवून घेतलेलं. तिथून आपलं प्यादं दोन घरं उड्या मारायला लागलं म्हणा ना! पंजाबचा मीर सुलतान खान देशी नियमांवरच वाढला, विलायती नियम मोठेपणी शिकला आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं घेऊन आला.

हे सगळं उकरायचं कारण आमचे चिरंजीव. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला आणि आमच्या घरात क्लासची फी सुरू झाली. आठवड्याभरात चिरंजीवांनी जाहीर केलं, "आजोबा चुकीचं खेळतात!" अण्णांनी मोहरी डब्यात भरली. "तुमचं चालू द्या," म्हणाले, आणि महिनाभर पट उघडला नाही. आजोबा-नातवाचं बोलणं पटावरच व्हायचं, तेही बंद झालं.

मग मला जपान मदतीला घ्यावा लागला. तिथल्या बुद्धिबळाला शोगी म्हणतात. पट नऊ बाय नऊचा, मोहरी वीस-वीस. मारलेलं मोहरं मरत नाही. मारणाऱ्याकडून पुन्हा पटावर उतरतं. म्हणजे शाखा बदलली, काम तेच. मात्र मिळालेली बढती रद्द, मूळ हुद्द्यावर हजर! सोन्याच्या सेनापतीला तर बढतीच नाही. (माझ्या डोळ्यांपुढं आमचे हेडकॅशियर आले.) दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन अधिकाऱ्यांनी विचारलं, हा कैद्यांचा छळ नाही का? तेव्हा आपण उत्तर दिलं, की तुमच्या खेळात कैदी ठार मारतात, आम्ही त्यांना काम देतो, असं मासुदा कोझो हे नामांकित खेळाडू सांगत.

आणि प्रकार तरी किती! बारा बाय बाराच्या चू शोगीत एक 'झिंगलेला हत्ती' असतो. त्याला बढती मिळाली की तो थेट युवराज होतो, आणि मग राजा पडला तरी राज्य चालू राहतं. छत्तीस बाय छत्तीसच्या पटावर तर दोन्ही बाजूंची मिळून ८०४ मोहरी. पण हातातलं प्यादं पटावर उतरवून तिथल्या तिथं मात करायला शोगीत सक्त मनाई.

हे ऐकून अण्णा प्रथमच उठून बसले. "प्याद्यानं मात नाही? अन् आपलंच प्यादं आपल्यावर उलटतंय? बेइमान खेळ हाय बा!"

"चुकीचा नाही ना पण?" मी विचारलं.

ते जरा थांबले. "त्यांच्याकडं तसंच असंल."

"मग आपल्याकडं आपल्यासारखं."

हे चिरंजीवही ऐकत होते. सध्या आमच्याकडं रविवारी दोन डाव होतात. विलायती डावात अण्णा हरतात, देशीत नातू. परवा त्याचा राजा एकटा उरला, तेव्हा अण्णांनी हात आखडता घेतला. "का थांबलात?" त्यानं विचारलं. त्याच्या क्लासच्या वहीत बुर्जी नव्हती. अण्णांनी वही मागून घेतली आणि शेवटच्या पानावर लिहायला बसले.