गोंधळाला गुरू मानू नका

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना पुण्यात एक सल्ला हमखास मिळतो. "मोठ्या आयटी कंपनीत वर्षभर कामाविना बेंचवर बसशील. त्यापेक्षा छोट्या कंपनीत जा. शिस्त नसेल, गोंधळ असेल, पण दोन वर्षांत एवढं शिकशील की पुढे कुठेही अडणार नाही." सांगणारे हितचिंतक असतात आणि बहुतेकदा स्वतः त्याच वाटेने गेलेले असतात. म्हणून या मताला वजन आहे, आणि म्हणूनच ते तपासून घ्यायला हवं. छोट्या कंपनीत शिकायला मिळतं, हे खरं आहे. गोंधळामुळे शिकायला मिळतं, हे मात्र खोटं आहे. ही दोन विधानं एकच समजली गेल्यामुळे तरुणांची उमेदीची वर्षं वाया जातात आणि मालकांची बेफिकिरी गुण म्हणून खपून जाते.

आधी पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीने मांडू. त्याचे तीन हेतू, म्हणजे तीन कारणं, आहेत. पहिला असा की दहा-पंधरा जणांच्या कंपनीत एकाच माणसाला डेटाबेसपासून क्लायंटच्या फोनपर्यंत सगळं बघावं लागतं, त्यामुळे आवाका वाढतो. दुसरा असा की रोजची आग विझवता विझवता माणूस तयार होतो. विहिरीत ढकलल्याशिवाय पोहता येत नाही, हे वाक्य इथे ठरलेलं. तिसरा असा की आज नावाजलेल्या कंपन्याही सुरुवातीला अशाच अस्ताव्यस्त होत्या.

पहिला हेतू मला मान्य आहे. पण आवाका वाढतो तो माणसं कमी असल्यामुळे. कारभार वाईट असल्यामुळे नव्हे. अनुमानातली ही चूक नेमकी कुठे होते, ते न्यायशास्त्राने फार पूर्वी दाखवून ठेवलं आहे. धूर दिसला तर अग्नी आहे असं म्हणता येतं. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं इंधन लागतं. अनुमानात न सांगितलेल्या अशा अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. आपल्या प्रकरणातली उपाधी म्हणजे शेजारी बसलेला जाणकार सीनियर. गोंधळाच्या कंपनीतून चांगला तयार होऊन आलेला कुणी भेटला, तर त्याला एवढंच विचारा: तुझा कोड कोण वाचायचं? बहुधा एक नाव निघतं. शिकवलं त्या माणसाने आणि श्रेय गेलं गोंधळाला. जिथे तसा माणूस नव्हता, तिथली मुलं तेवढाच गोंधळ सोसूनही कोरी राहिली.

दुसऱ्या हेतूपाशी थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त भुरळ तोच घालतो. मी काम केलेल्या एका छोट्या कंपनीत बिलिंगचं सॉफ्टवेअर होतं. महिनाअखेर आली की एका क्लायंटच्या अकाउंटंटचा फोन यायचा: सीजीएसटी आणि एसजीएसटी धरून येणारी बेरीज बिलाच्या एकूण रकमेशी जुळत नाही, एक-दोन पैशांचा फरक पडतो. मग आमच्यातला एक हुशार मुलगा थेट प्रॉडक्शनच्या डेटाबेसमध्ये शिरून ती रक्कम हाताने दुरुस्त करायचा. पाच मिनिटांत काम फत्ते, मालक खूश, मुलाला शाबासकी. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच फोन, पुन्हा तीच दुरुस्ती.

दोष होता दोन ठिकाणी. रकमा फ्लोटमध्ये साठवल्या होत्या, आणि ०.१ सारखी साधी संख्याही द्विमान पद्धतीत नेमकी मांडता येत नाही. म्हणून संगणकाला ०.१ आणि ०.२ ची बेरीज करायला सांगितली, तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असं येतं. शिवाय राउंडिंग बिलाच्या प्रत्येक ओळीवर एकदा आणि एकूण बेरजेवर पुन्हा एकदा होत होतं. रकमा पूर्णांक पैशांत ठेवायच्या आणि राउंडिंग एकाच ठिकाणी करायचं, एवढाच उपाय होता. पण तो करायला लागणारे दोन-तीन दिवस कुणी देईना, कारण पुढची आग आधीच लागलेली असायची. त्या मुलाच्या खाती दर महिन्याला 'अनुभव' जमा होत होता; संगणकात पैशांचा हिशोब कसा ठेवायचा, ते मात्र तो शिकला नाही. यात दोष त्याचा नव्हता. काम वाटून देणाऱ्याचा होता.

आग विझवण्याचाच दाखला द्यायचा, तर खऱ्या आगींचा देऊ. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला होता आणि अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेवर त्यांचा विश्वास होता. दुसरे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांचा तेवढा नव्हता. दोघांनी मिळून २००९ मध्ये 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट'मध्ये लेख लिहिला आणि ते एका निष्कर्षावर आले. अनुभवातून खरं कौशल्य यायला दोन गोष्टी लागतात: परिस्थितीत काही नियमितपणा हवा, आणि केलेल्या कृतीचा परिणाम कळून त्यातून शिकायची संधी हवी. ढिसाळ कारभार नेमक्या याच दोन गोष्टी हिरावून घेतो. सकाळी ठरलेलं काम दुपारी बदलतं, त्यामुळे नियमितपणा नाही. हातचं काम अर्धवट सोडून दुसऱ्यावर जावं लागतं, त्यामुळे परिणाम कळत नाही.

आणि विहिरीचं म्हणाल, तर गावाकडे पोराला विहिरीत ढकलतात तेव्हा त्याच्या पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधलेलं असतं आणि पोहणारा काका पायरीवर उभा असतो. नुसतं ढकलून निघून जाण्याला शिकवणं म्हणत नाहीत.

तिसरा हेतू फार वेळ टिकत नाही. ज्या कंपन्या मोठ्या झाल्या, त्यांचीच कहाणी आपल्या कानावर येते. तसाच गोंधळ घालून बुडालेल्यांना भाषणाला कुणी बोलावत नाही. शिवाय ज्या टिकल्या, त्यांनी कधीतरी घडी बसवली म्हणून टिकल्या.

घडी बसवणं म्हणजे काय, याचा एक चांगला दाखला ३१ जानेवारी २०१७ चा आहे. गिटलॅब ही कंपनी तेव्हा आजच्या मानाने बरीच लहान होती. त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसायची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबी डेटा क्षणात गेला. बॅकअपकडे धाव घेतली, तर रोजचा बॅकअप होतच नव्हता. चुकीच्या आवृत्तीचा प्रोग्राम चालत होता आणि बिघाड कळवणाऱ्या ईमेल पोचतच नव्हत्या. त्याच अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी घेतलेली एक प्रत हाताशी होती म्हणून निभावलं. इथवरची कथा कोणत्याही ढिसाळ कंपनीत घडेल. पुढची मात्र घडत नाही. कंपनीने दुरुस्तीचं काम चालू असतानाच ते जगाला थेट दाखवलं, एकामागून एक 'का' विचारत कारणांची मांडणी प्रसिद्ध केली, आणि त्या अभियंत्याला बळीचा बकरा न करता व्यवस्थेतल्या त्रुटींची यादी केली. अपघात सगळ्यांच्याच वाट्याला येतो. शिक्षण मिळतं ते अपघातानंतरच्या त्या शिस्तबद्ध चौकशीतून.

म्हणून सिद्धान्त असा: शिकायचं असेल तर लहान कंपनी जरूर निवडा, पण पारखून निवडा. प्रोग्रामर जोएल स्पोल्स्की यांनी ऑगस्ट २००० मध्ये सॉफ्टवेअर टीम जोखण्यासाठी हो-नाही उत्तरांचे १२ प्रश्न मांडले होते. पैकी बरेच आजही लागू पडतात. माझ्या मते मुलाखतीला गेलेल्या फ्रेशरने निदान चार गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. माझा कोड कोण वाचणार? बॅकअप परत चालू होतो का, हे शेवटचं कधी पाहिलं? मागची मोठी गडबड कोणती आणि त्यानंतर काय बदललं? आज कोणतं काम करायचं, हे कोण ठरवतं? तिसऱ्या प्रश्नाला "आमच्याकडे गडबड होतच नाही" असं उत्तर आलं, तर तिथे चुकांची नोंदच ठेवत नाहीत असं समजावं. रुजू झाल्यावर पगारातून पीएफ कापला जात असेल, तर पासबुक उघडून बघावं. तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. कापलेले पैसे जी कंपनी वेळेवर भरत नाही, ती शिकवायला वेळ देईल ही आशा धरू नये.

मालकांनाही सांगणं आहे. यातल्या कशालाच मोठं भांडवल लागत नाही. आठवड्यातला एक तास एकमेकांचा कोड वाचायला, महिन्यातून एकदा बॅकअपची तालीम, आणि आज ठरलेलं काम संध्याकाळपर्यंत न बदलण्याचा संयम, एवढं दहा जणांच्या कंपनीलाही परवडतं. आणि सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तो बदलावा: छोट्या कंपनीत जा, पण जिथे चुकलेलं दाखवणारा कुणी आहे आणि दुरुस्त करायला वेळ मिळतो, तिथे जा. या दोन्ही गोष्टी नसतील तर दुसरी नोकरी शोधून बाहेर पडणं म्हणजे कच खाणं नव्हे. उलट शिकण्याची खरी आस असलेल्याने तेच करायला हवं.