पिस्तुलावरचे आकडे काय सांगतात?

समजा, अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका मित्राने आपल्याला दोन जुन्या पिस्तुलांची छायाचित्रे पाठवली. त्याच्या शेजाऱ्याच्या वडिलांनी ती दुसऱ्या महायुद्धातून परतताना आणली होती. मित्राचे प्रश्न दोनच : ही पिस्तुले कोणती, आणि त्यांची किंमत किती? आपण शस्त्रांचे जाणकार नाही. तरीही इतिहास आणि गणित शिकवणारा माणूस या प्रश्नांची बरीचशी उत्तरे देऊ शकतो. कारण लष्करी शस्त्र ही कारखान्यात बनलेली, सरकारने तपासलेली आणि मोजून घेतलेली वस्तू असते. या प्रत्येक टप्प्यावर तिच्या अंगावर एखादी खूण उमटते. त्या खुणा क्रमाने वाचल्या की वस्तू बोलू लागते.

मित्राला पहिली सूचना मात्र सुरक्षिततेची द्यावी लागेल. पिस्तुलाच्या मुठीतली काडतुसांची पेटी काढली म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नाही. एक काडतूस नळीच्या मागच्या खोबणीत राहिलेले असू शकते. तेव्हा जाणकाराकडून तपासून घेतल्यावरच निरीक्षणाला सुरुवात करायची.

आधी आकार, मग अक्षरे

पहिल्या छायाचित्रातल्या पिस्तुलाच्या पाठीवर गुडघ्यासारखा सांधा दिसतो. गोळी सुटली की मागे येणाऱ्या धक्क्याने हा सांधा वर मोडतो, रिकामे टरफल बाहेर पडते आणि नवे काडतूस आत येते. ही रचना मुळात ह्यूगो बोर्शार्ट यांच्या १८९३ च्या पिस्तुलातली. ते पिस्तूल बोजड होते. गेओर्ग लुगर यांनी ते सुटसुटीत केले. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १९०० मध्ये, जर्मन आरमाराने १९०४ मध्ये आणि जर्मन भूदलाने १९०८ मध्ये लुगरचे पिस्तूल स्वीकारले. या शेवटच्या वर्षावरून त्याला ‘पी ०८’ हे नाव मिळाले. त्यासाठी तयार झालेले ९ मिलिमीटरचे काडतूस आजही जगभर वापरात आहे.

आकारावरून जात कळली. पण लुगर पिस्तुले लाखांनी बनली. आपल्यासमोरचे कोणते? इथे अक्षरे मदतीला येतात. पहिल्या महायुद्धापर्यंतच्या लुगरवर बर्लिनच्या कारखान्याची अक्षरे किंवा एर्फुर्टच्या सरकारी शस्त्रागाराचा मुकुट असतो, आणि नळीच्या मागच्या बाजूवर वर्ष सरळ कोरलेले असते. काहींवर १९१७ सारख्या वर्षाच्या जोडीला १९२० असेही दिसते. हे दुसरे वर्ष पिस्तूल बनल्याचे नव्हे. युद्धात हरलेल्या जर्मनीने उरलेल्या शस्त्रांवर सरकारी मालकीची खूण म्हणून ते उमटवले. व्हर्सायच्या तहाने (१९१९) जर्मन भूदल एक लाखावर आणले होते आणि शस्त्रांवरही मर्यादा घातल्या होत्या. ती कलमे पिस्तुलाच्या पोलादावर अशी वाचता येतात.

आपल्या छायाचित्रात मात्र वर्ष नाहीच. सांध्यावर ‘एस/४२’ आणि वर्षाच्या जागी इंग्रजी ‘जी’ हे एकच अक्षर आहे. का बरे? हिटलर सत्तेवर आल्यानंतर जर्मनीने तह मोडून शस्त्रे बनवण्याचा वेग वाढवला. कोण बनवते आणि कधी बनवले हे परक्यांना कळू नये म्हणून नावाऐवजी संकेत आले. ‘एस/४२’ म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना. ‘के’ म्हणजे १९३४ आणि ‘जी’ म्हणजे १९३५. मार्च १९३५ मध्ये हिटलरने सक्तीची लष्करभरती उघडपणे जाहीर केली. लपवण्यासारखे फारसे उरले नाही, आणि १९३६ पासून पिस्तुलांवर वर्ष पुन्हा आकड्यांत येऊ लागले. कारखान्याचे नाव मात्र गुप्तच राहिले : पुढे नुसते ‘४२’, तर १९४१ पासून ‘बी-वाय-एफ’.

आता अनुक्रमांक. समजा, तो ३४५६ असून त्याखाली ‘सी’ हे अक्षर आहे. जर्मन पद्धतीत दरवर्षी क्रमांक एकपासून सुरू होत आणि दहा हजारांवर पोचले की पुन्हा एकपासून, पण ‘ए’ अक्षरासह. मग ‘बी’, मग ‘सी’. म्हणजे आपल्या पिस्तुलाच्या आधी दहा हजारांचे तीन गट संपले होते. ३०,००० + ३,४५६ = ३३,४५६. म्हणजे १९३५ मध्ये माउझरने बनवलेल्या लुगरपैकी हे साधारण साडेतेहतीस हजाराव्या जागेवरचे. मात्र कारखाना, वर्ष, अक्षर आणि आकडा या चारही गोष्टी जुळल्या तरच ओळख पटते. नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरे पिस्तूल : घाईच्या खुणा

दुसऱ्या पिस्तुलावर ‘पी ३८’ आणि ‘एसी ४३’ असे कोरले आहे. ‘एसी’ हा वाल्थर कारखान्याचा संकेत, ४३ हे वर्ष. लुगरचे सुटे भाग बनवायला वेळ आणि कुशल हात फार लागत. म्हणून जर्मन सैन्याने १९३८ मध्ये वाल्थरचे हे पिस्तूल निवडले. पुढे माउझर आणि श्प्रेवेर्क (संकेत ‘सी-वाय-क्यू’) हे कारखानेही ते बनवू लागले.

१९४० चे आणि १९४४ चे ‘पी ३८’ शेजारी ठेवले तर फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. आधीचे आरशासारखे घासलेले, नंतरच्या पिस्तुलावर यंत्राच्या पात्याचे ओरखडे तसेच राहिलेले. घासकामाला तास लागतात, आणि युद्ध हरत चाललेल्या देशाकडे तास नव्हते. माणसांचीही टंचाई होती. ती कशी भरून काढली हा या इतिहासाचा काळा भाग आहे. हॅम्बुर्गजवळच्या नॉयेनगामे छळछावणीत वाल्थरने शस्त्रांचा कारखाना चालवला. तिथे कैद्यांना राबवले जाई. त्या कारखान्याची इमारत आज स्मारकाच्या आवारात उभी आहे. जर्मन युद्धकालीन शस्त्राची किंमत सांगताना ही बाजू विसरून चालणार नाही.

शक, शोवा आणि रोमन आकडे

सगळेच देश वर्ष आपल्यासारखे लिहीत नाहीत. जपानी नांबू पिस्तुलावर ‘१९.७’ असे दिसले तर तो १९१९ चा जुलै नव्हे. तो शोवा कालगणनेतल्या १९ व्या वर्षाचा सातवा महिना. शोवा वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन मिळतो : १९४४. शालिवाहन शकात ७८ मिळवण्याची सवय असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे गणित चटकन समजेल. इटलीच्या बेरेटा पिस्तुलांवर इसवी सनाशेजारी रोमन आकडा असतो. ते मुसोलिनीच्या राजवटीचे वर्ष, ऑक्टोबर १९२२ पासून मोजलेले.

क्रमांकांनी दिलेली साक्ष

अनुक्रमांक किती बोलके असतात याचे एक उदाहरण आपल्या देशातले आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रोडा कंपनीसाठी आलेल्या मालापैकी दहा खोकी क्रांतिकारकांनी पळवली. त्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता आणि त्यांची नोंद कंपनीकडे होती. त्यामुळे पुढे बंगालमध्ये कुठेही असे पिस्तूल सापडले की ते याच पन्नासांतले का, हे पोलिसांना ताडता येई. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात या पिस्तुलांचा हिशेब दिला आहे : ४४ पिस्तुले नऊ गटांत वाटली गेली, आणि त्यांचा वापर ५४ घटनांत झाला.

दुसरे उदाहरण संख्याशास्त्रातले. जर्मनीने कारखान्यांची नावे लपवली, पण क्रमाने आकडे घालण्याची शिस्त सोडली नाही. महायुद्धात दोस्तांच्या अर्थतज्ज्ञांनी हाती लागलेल्या रणगाड्यांच्या भागांवरचे क्रमांक गोळा केले आणि त्यांवरून मासिक उत्पादनाचा अंदाज बांधला. जून १९४१ साठी हेरांच्या माहितीवरचा अंदाज १,५५० होता, क्रमांकांवरचा २४४. युद्धानंतर जर्मन कागदपत्रांत खरा आकडा मिळाला : २७१. ऑगस्ट १९४२ चा हिशेब याहून जवळ आला : अंदाज ३२७, प्रत्यक्षात ३४२.

युक्तीचे सूत्र सोपे आहे :

अंदाज = सर्वांत मोठा क्रमांक + (सर्वांत मोठा क्रमांक ÷ नमुन्यांची संख्या) − १

कारण असे : सापडलेल्या क्रमांकांच्या मध्ये सरासरी जेवढे न सापडलेले क्रमांक असतात, तेवढेच सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढेही असतील असे आपण धरतो. वर्गात हे करून पाहता येईल. १ पासून कितीतरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या पिशवीत घाला. एकूण किती हे मुलांना सांगू नका. पाच चिठ्ठ्या काढा. समजा, सर्वांत मोठी ८६ निघाली, तर ८६ + १७.२ − १ = सुमारे १०२. प्रयोग दहा वेळा करून अंदाजांची सरासरी काढा आणि मग खरी संख्या उघड करा.

आता किंमत

संग्राहक चार गोष्टी तपासतात. पहिली, सुटे भाग मूळचे आहेत का? लुगरच्या अनेक लहान भागांवर अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे असतात. ते सगळे जुळले तर किंमत बरीच वाढते. दुसरी, पोलादावरचा मूळ रंग टिकला आहे का? जुने नाणे चिंचेने घासून लख्ख केले की नाणेसंग्राहक कपाळाला हात लावतो. पिस्तुलाला नव्याने रंग चढवला तर तसेच होते. तिसरी, खुणा खऱ्या आहेत का? दुर्मीळ खुणांना भाव असल्याने त्या बनावटही कोरल्या जातात. जुन्या रंगाच्या वरून कोरलेल्या खुणेच्या कडा उघड्या आणि चमकत्या दिसतात. चौथी, कागद. अनेक अमेरिकी सैनिकांना जप्त शस्त्र घरी नेताना वरिष्ठांच्या सहीचा परवाना मिळे. तो जपला असेल आणि त्यावरचा क्रमांक जुळत असेल, तर घराण्यातल्या आठवणीला पुरावा मिळतो. हा कागद नसेल तर विक्रेत्याने रंगवलेल्या गोष्टीला दमडीचेही मोल देऊ नये.

आपल्याकडे मात्र प्रश्न आधी कायद्याचा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार नुसते जुने असल्याने पिस्तूल परवान्यातून सुटत नाही. दुरुस्त करूनही झाडता येणार नाही असे शस्त्र वेगळे. बाकीच्यांना परवाना लागतो. माळ्यावरच्या ट्रंकेत असे काही सापडलेच, तर हात न लावता पोलीस ठाण्यात कळवावे.

वर्गासाठी पिस्तुलाची गरजही नाही. घरोघरच्या जुन्या शिवणयंत्रांवर, घड्याळांवर, नाण्यांवर असेच क्रमांक आणि खुणा असतात. मुलांना एकेक वस्तू निवडू द्या. तिच्यावरची प्रत्येक खूण वहीत उतरवायला सांगा आणि शेजारी दोन रकाने आखायला लावा : ‘ही खूण कोणी केली?’ आणि ‘कशासाठी केली?’