इंग्रजी वाक्यजोडणी, विरामचिन्हे व परिमाण (वर्धा जिल्हा)

मराठी माध्यमाच्या शाळांत शिकवल्या जाणाऱ्या इंग्रजी व्याकरणाचे तीन घटक : उपवाक्ये जोडणे, विरामचिन्हे आणि संख्या-परिमाण दाखवणारे शब्द. तिन्ही ठिकाणी होणाऱ्या चुका बहुधा निष्काळजीपणाच्या नसतात. विद्यार्थ्याच्या मनात पक्के असलेले मराठी व्याकरण तेथे काम करत असते, आणि अध्यापनाची सुरुवात त्या व्याकरणापासूनच व्हायला हवी.

पार्श्वभूमी : वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांतात व नंतरच्या मध्य प्रदेशात होता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने सात वर्षांच्या मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा डिसेंबरमध्ये सादर केला. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, मध्यभागी हस्तोद्योग आणि अभ्यासक्रमात इंग्रजी नाही, असे त्याचे स्वरूप होते. इंग्रजी वगळून मॅट्रिकच्या तोडीचे ज्ञान, ही गांधींची अपेक्षा होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ही योजना स्वीकारली आणि पुढे सेवाग्राम येथे हिंदुस्थानी तालीमी संघाने आर्यनायकम दांपत्याच्या नेतृत्वाखाली ती राबवली. त्याच वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी ब्रिटिशांनी भारत सोडावा अशी मागणी करणारा ठराव केला. त्याचा मसुदा इंग्रजीत होता. प्राथमिक शाळेत इंग्रजी नको आणि राजकारणात तिच्यावाचून चालत नाही, अशी ही स्थिती होती. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले, तेव्हा इंग्रजी कसे शिकवावे हा प्रश्न जिल्ह्यातल्या प्रत्येक वर्गखोलीत पोचला.

वाक्यजोडणी : मराठीत ‘जर–तर’, ‘जरी–तरी’, ‘जो–तो’ अशा जोड्या चालतात. म्हणून विद्यार्थी ‘दो’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ घालतो आणि ‘बिकॉज’च्या वाक्यात ‘सो’. ‘पाऊस आला म्हणून कापूस भिजला’ हे वाक्य इंग्रजीत नेताना कारणाला एक आणि परिणामाला एक असे दोन्ही शब्द येतात. इंग्रजीला एकच पुरतो, दुसरा काढायचा, एवढे सांगितले तरी निम्मे काम होते. अधिक अवघड जागा धातुसाधितांची. ‘बाजारात जाऊन, कापूस विकून, बियाणे घेऊन तो घरी आला’ हे मराठीत केवलवाक्य आहे, कारण क्रियापद एकच. इंग्रजीत चारही क्रिया भूतकाळी रूपात ओळीने येतात आणि शेवटच्या क्रियेआधी ‘अँड’ लागतो. प्रत्येक ‘ऊन’साठी ‘हॅविंग’ वापरण्याची सवय भाषांतराच्या सरावातून लागते. ती मोडायला हवी.

विरामचिन्हे : मोडी लिपीत सलग लिहिण्याची रीत होती, शब्द तोडण्याचीही सक्ती नव्हती. मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजी चिन्हे मराठीत रुजवली; ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही त्यांची पुस्तिका १८५० ची. चिन्हे उसनी आली तरी वापराचे नियम मात्र पूर्णपणे इंग्रजी झाले नाहीत. ‘ढग आले, पाऊस पडला, नाला भरला’ ही स्वल्पविरामांनी जोडलेली तीन वाक्ये मराठीत डौलदार वाटतात. इंग्रजी शिक्षक तिथे लाल खूण करतो. तसेच ‘तो म्हणाला, की’ यातला स्वल्पविराम ‘सेड’ आणि ‘दॅट’च्या मध्ये जाऊन बसतो. इंग्रजीत तो तेथे चालत नाही.

अर्धविराम : शालेय लेखनात क्वचित.

परिमाण : वर्ध्याच्या बोलीत ‘लय’ हा एक शब्द सगळीकडे चालतो : लय पाणी, लय माणसं, लय मोठा. इंग्रजीत याच तीन जागी अनुक्रमे ‘मच’, ‘मेनी’, ‘व्हेरी’ लागतात. पाणी मोजता येत नाही, माणसे मोजता येतात आणि मोठा हे विशेषण आहे, हा भेद बोलीने कधी विचारलेलाच नसतो. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतला फरक मात्र मराठी मुलाला सहज कळतो, फक्त त्याच्याच ‘च’ची आठवण करून द्यावी लागते : ‘थोडेच’ म्हटले की उणीव, नुसते ‘थोडे’ म्हटले की शिल्लक. व्याकरणाची पुस्तके हा दुवा क्वचितच वापरतात, ही मोठी उणीव आहे.

मोजता येणाऱ्या नामांच्या याद्या दोन्ही भाषांत जुळत नाहीत. मराठीत बातम्या येतात, सल्ले मिळतात, केस कापले जातात आणि तांदूळ निवडले जातात. या चारही नामांचे इंग्रजी प्रतिशब्द सामान्यतः एकवचनात राहतात. एककांचेही तसेच. ‘पाच क्विंटल कापूस’ यात मध्ये काही लागत नाही. इंग्रजीत क्विंटलचे अनेकवचन आणि पुढे ‘ऑफ’ लागतो. हिंगणघाटसारख्या कापसाच्या बाजारगावातल्या मुलाला हा नियम ‘दोन कप चहा’पेक्षा कापसाच्या वजनावरून लवकर पटावा.

संख्यालेखन : भारतीय पद्धतीत १,००,००० असा स्वल्पविराम पडतो, आंतरराष्ट्रीय पद्धतीत १००,००० असा.