चौमुख प्रासादातील प्रकाश

राजस्थानातील पाली जिल्ह्यात, अरवलीच्या कुशीत राणकपूरचे आदिनाथ जिनालय उभे आहे. महाराष्ट्रात व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या कित्येक जैन कुटुंबांचे मूळ याच गोडवाड परिसरातले. दर्शनास गेलेला यात्रेकरू तेथील १४४४ स्तंभ मोजू पाहतो आणि दमतो. परंतु या स्तंभांच्या अरण्यात उजेड येतो कोठून, हे सहसा कोणी विचारीत नाही.

प्राग्वाट श्रेष्ठी धरणाशाह यांनी महाराणा कुंभाच्या राज्यात हा प्रासाद उभारला. वि. सं. १४९६, म्हणजे इ. स. १४३९ च्या शिलालेखात त्यांचे व स्थपती देपाकाचे नाव आहे. उंच जोत्यावरील या वास्तूच्या बाह्य भिंती जवळजवळ बंद आहेत. मारवाडचे ऊन व तप्त वारे तेथेच अडतात. आत मात्र चार दिशांना चार द्वारे, मंडपांच्या मधोमध उघडे चौक आणि कमी-अधिक उंचीची छते. चौकात उतरलेले ऊन श्वेत पाषाणावरून परावर्तित होऊन सौम्य रूपाने गाभाऱ्याकडे सरकते. तापलेली हवा चौकांतून वर निघून जाते, आणि जाड दगड दिवसभर उष्णता सावकाश शोषीत राहतो. जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश अभ्यासकाने १८७६ च्या आपल्या ग्रंथात येथील प्रकाशयोजनेची आवर्जून प्रशंसा केली. धर्माचे मर्म त्याला कितपत उमगले असेल, हा भाग निराळा.

कारण प्रश्न केवळ सौंदर्याचा नव्हे. जैन दर्शनाने अग्नी व वायू यांतही जीव मानले आहेत. अग्निकाय व वायुकाय जीवांची विराधना टळावी म्हणून साधुसाध्वी दिवा लावीत नाहीत, पंखाही हलवीत नाहीत. अशा व्रतस्थांना उजेड व वारा देण्याचे काम वास्तूनेच करावे लागते. जुन्या उपाश्रयांतील चौक, उंच छत व समोरासमोरच्या खिडक्या त्यासाठीच होत्या.

अलीकडे शहरांत बांधलेल्या काही उपाश्रयांत दात्यांच्या औदार्याने संगमरवर आला, सरकत्या काचा आल्या, खोटे छत आले. चौक मात्र जागेच्या भावापायी गेला. बटण दाबताच श्रावकांची सोय होते. ते घरी परतले की चातुर्मासासाठी आलेले मुनिराज भरदुपारी शास्त्र हाती घेऊन जिन्यालगतच्या एकुलत्या खिडकीपाशी येऊन बसतात.