पोरं ऑफिसला गेल्यावर सिडनी कसं फिरायचं? खाडी ओळखणाऱ्यांना सोपं आहे

पाली म्हटलं की आधी खुलासा करावा लागतो. बल्लाळेश्वराची पाली रायगडातली. ही पाली रत्नागिरीची, मुंबई-गोवा महामार्गावरची. कोकणातल्या अशा गावांतून हल्ली कितीतरी आईवडील मुलामुलींकडे परदेशी राहायला जातात. एकदा गेले की तीन-तीन, सहा-सहा महिने मुक्काम. सिडनीसारखं जगप्रसिद्ध बंदर जवळ असतं, पण मुलं कामावर गेली की ते घरातच बसून असतात. फिरणं होतं ते फक्त शनिवार-रविवारी.

खरंतर हे शहर दोघांनाच, आठवड्याच्या मधल्या दिवशी, कमी खर्चात पाहता येतं. त्यासाठी आधी हे बंदर काय आहे ते समजून घेऊ.

बंदर म्हणजे खाडीच

पालीहून लांज्याकडे जाताना आंजणारीच्या पुलाखाली काजळी नदी लागते. हीच नदी पुढे रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. सिडनीचं बंदरही असंच आहे. पॅरामॅटा नदीची दरी शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढल्यावर बुडाली आणि वाळूच्या खडकांच्या कड्यांमध्ये लांबलचक, फाटे फुटलेली खाडी तयार झाली.

खाडीकाठचं शहर बोटीतूनच नीट कळतं. जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीत बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. सिडनीतही फेरी ही रोज कामावर जाणाऱ्यांची सरकारी सेवा आहे. तिकीट लोकल ट्रेन आणि बससारखंच, ओपल कार्डावर.

कार्ड चढताना टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. दोघांना दोन कार्डं लागतात, एकावर भागत नाही. दिवसभरात कितीही फिरलात तरी भाड्याला ठरलेली कमाल मर्यादा असते. शुक्रवार ते रविवार ती आणखी कमी होते. ज्येष्ठांचं सवलतीचं सोनेरी कार्ड मात्र व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मिळत नाही.

पहिला दिवस : पॅरामॅटा ते सर्क्युलर की

सिडनीतली बरीच भारतीय कुटुंबं पश्चिमेकडे, पॅरामॅटा, हॅरिस पार्क, वेस्टमीड भागात राहतात. पॅरामॅटाहून फेरी निघते आणि साधारण दीड तासात शहराच्या मुख्य धक्क्यावर, सर्क्युलर कीला पोचते. सुरुवातीला नदी अरुंद, दोन्ही काठांना खारफुटी. पुढे पात्र रुंद होत जातं आणि शेवटी बोट थेट हार्बर ब्रिजखालून जाते. एक काळजी घ्या : मोठ्या ओहोटीला वरच्या टप्प्यात बोट जात नाही, तिथे बसने जावं लागतं. त्यामुळे त्या दिवसाचं वेळापत्रक बघूनच निघा.

पूल आणि ऑपेरा हाऊस

हार्बर ब्रिज १९ मार्च १९३२ रोजी खुला झाला. कमानीचा पल्ला ५०३ मीटर, माथा पाण्यापासून १३४ मीटर. कमानीवर चढायचे भरपूर पैसे पडतात, पण पुलावरून चालत जायला काहीच लागत नाही. पादचाऱ्यांची वाट पूर्वेच्या बाजूला आहे, म्हणजे ऑपेरा हाऊस समोरच दिसतं. गुडघे दुखत असतील तर दोन्ही टोकांना लिफ्ट आहे.

ऑपेरा हाऊसचं डिझाइन डेन्मार्कच्या योर्न उट्झनचं. १९५७ साली त्याने स्पर्धा जिंकली. ७० लाख डॉलर खर्चाचा अंदाज होता, प्रत्यक्षात १०.२ कोटी लागले. सरकारशी वाद झाला आणि १९६६ मध्ये उट्झन काम सोडून निघून गेला. १९७३ मध्ये इमारत उघडली, २००७ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. २००८ मध्ये उट्झन वारला, पण पूर्ण झालेलं ऑपेरा हाऊस त्याने प्रत्यक्ष कधीच पाहिलं नाही. आत जायचं तर टूरचं तिकीट लागतं, बाहेरून फिरणं फुकट.

तिथून शेजारीच १८१६ सालचा रॉयल बोटॅनिक गार्डन आहे, तोही फुकट. त्याच्या टोकाला दगडात कोरलेलं 'मिसेस मॅक्वॉरीज चेअर' हे आसन आहे. पूल आणि ऑपेरा हाऊस एकाच फोटोत हवं असेल तर इथे या.

दुसरा दिवस : मॅन्लीची फेरी

सर्क्युलर कीहून मॅन्ली साधारण अर्ध्या तासावर. वाटेत खाडीचं मुख लागतं आणि बोट हलायला लागते, कारण तिथे खुल्या समुद्राच्या लाटा आत येतात. उतरल्यावर दहा मिनिटं चाललात की प्रशांत महासागर.

२६ जानेवारीचा दुसरा अर्थ

सर्क्युलर की ज्या छोट्या आखातात आहे, तो प्रदेश गॅडिगल लोकांचा. २६ जानेवारी १७८८ रोजी इंग्रज कैद्यांना घेऊन आलेल्या जहाजांनी इथेच वसाहत सुरू केली. आपला प्रजासत्ताक दिन तो तिकडचा 'ऑस्ट्रेलिया डे'. तिथले अनेक आदिवासी मात्र तो दिवस शोकाचा मानतात. धक्क्यावर उभं राहताना हे माहीत असलेलं बरं.

निघण्याआधी एवढं बघा

व्हिसाची मुदत आणि एका वेळी राहण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा वर्षाचा असला तरी सलग तीनच महिने राहता येईल, असं असू शकतं. पत्र नीट वाचा.

तिथली सरकारी आरोग्य योजना, मेडिकेअर, भारतातून गेलेल्या पर्यटकांना लागू नाही. विमा पूर्ण मुक्कामाचा काढा.

ऋतू उलटे असतात. आपल्याकडे पाऊस सुरू झाला की तिकडे थंडी. जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर स्वेटर बॅगेत हवाच.

आणि मुलांना एकच काम सांगा : पहिल्या रविवारी एकदा सोबत फेरीत बसायचं, कार्ड कसं टेकवायचं ते दाखवायचं. सोमवारपासून आईबाबा आपले आपण जातील.